न लागलेली बोली

१२ ऑक्टोबर, रविवार

मी राखतो त्या बंगल्याच्या मालकांनी जानेवारीत दिलेली ही डायरी नऊ महिने कपाटावर पडून होती. आमच्या हिने दुधाचा हिशेब लिहायलासुद्धा घेतली नाही, म्हणे कागद गुळगुळीत आहे, पेन सरकतो. आज डायरीचं भाग्य उघडलं, कारण माझंही उघडलं. मंडळाच्या बैठकीत मला भाजे कबड्डी संघाचा व्यवस्थापक केलं.

वय अडुसष्ट. शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचायला शिकलो ते बंगल्यावर पाहुणे टाकून जातात त्या वर्तमानपत्रांवर, आणि त्यातही आधी खेळाचं पान. तरणा होतो तेव्हा उजव्या कोपऱ्यात उभा राहायचो. तेवढ्या भांडवलावर मंडळी म्हणाली, सखारामआबा, तुम्हीच बघा आता.

बघायचं ते असं. तालुक्यातल्या सहा गावांची लीग आहे. दर संघाला शंभर गुण मिळतात आणि तेवढ्यात बारा खेळाडू बोलीने घ्यायचे. ज्याला जेवढे गुण, त्या मानाने त्याला मानधन. शंभराच्या वर एकही नाही, मग गावात फार्महाउसवाले कितीही असोत. गेल्या वर्षी आपण त्यातले पंचेचाळीस एकट्या सुरजवर घातले आणि उरलेल्यांत जे मिळालं ते गोळा केलं. सुरजने लीगमध्ये सगळ्यांत जास्त गुण कमावले आणि आपण तळाला राहिलो.

संघाचा सचिव अतुल. कंपनीत नोकरी, डोकं लॅपटॉपमध्ये. तो म्हणाला, "आबा, पुनर्बांधणी करायची. तीन वर्षांची. सुरजदादाला सोडायचं, संदेश आणि गौरवला घ्यायचं. पहिलं वर्ष हरू, दुसऱ्या वर्षी टिकू, तिसऱ्या वर्षी जिंकू."

मला पटलं. खाचराचा बांध फुटला की वरून चिखल लिंपून भागत नाही, उकरून नव्याने घालावा लागतो. पण सुरजला सोडायचं हे तोंडाने म्हणायला सोपं आहे. बारा वर्षं हा पोरगा गावासाठी चढाईला जातोय. तो लंगोटात असल्यापासून मी त्याला बघतोय.


१५ ऑक्टोबर, बुधवार

सुरज घरी आला होता. लोणावळ्यात पर्यटकांना पॉइंट दाखवायची गाडी चालवतो, पण बोलणं अजून गावचंच. पायरी चढताना दाराच्या चौकटीला धरून चढला. गाडीत बसून बसून अंग आखडत असेल.

म्हणाला, "आबा, यंदा बोलीत मला घेनार का न्हाई, आधीच सांगा. मन तयार करतो."

मी म्हणालो, "सोडीन का तुला? पन गुण कमी हायेत बाबा, पोरं घ्यायचीत."

"मी कुटं म्हनतो पंचेचाळीस द्या? जेवढी बोली हुईल तेवढी हुईल. माझी लायकी बाजार ठरवंल की."

हिने त्याला इंद्रायणीच्या भाताची पेज दिली. दोन वाट्या प्यायला. जाताना तिला म्हणाला, "मावशी, यंदाचं शेवटचं असंल बगा," आणि ती म्हणाली, "गप, सगळे गडी असंच म्हनत्यात."


२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

सुदुंबऱ्याला रेणुकाकडे. आमची लेक तिथे दिली आहे, आणि तिचे सासरे अंबाजी हे सुदुंबरे संघाचे कर्ते. म्हणजे माझे व्याही आणि माझे वैरी एकाच पंगतीला.

जेवणं झाल्यावर ओसरीवर बसलो. अंबाजी म्हणाले, "काय पाव्हणं, यंदा बी तळाला बसायचा इचार हाय का? तितं गारवा लय असतोय म्हनं."

"तुमी वर बसा. पडलात तर लागंल जरा," मी म्हणालो.

मग मला जे सुचलं ते सुचलं. आपल्याकडे बैलबाजारात एक रीत आहे. एखाद्या पाहुण्याने एखादं जनावर मनात धरलंय असं कळलं की दुसरा पाहुणा त्याच्यावर बोली चढवत नाही. हात खाली ठेवतो. त्याने भाव पडतो आणि सोयरीक राहते. मी म्हणालो, "व्याही, सुरज आमच्या घरचा गडी. त्याच्यावर बोली लावू नगा. तेवढा शब्द द्या."

अंबाजी बराच वेळ सुपारी कातरत राहिले. "आमी चाळीस बाजूला काडून ठिवलेत त्याच्यासाटी," म्हणाले. मग सुपारी तोंडात टाकली. "पन तुमी लेक दिलीय. दिला शब्द."

असा डोक्यावरचा भार उतरला. सुरज मूळ बोलीला, म्हणजे दहा गुणांत येईल. पोरांनाही जागा होईल. अतुलच्या लॅपटॉपला हे सुचलं नसतं.


२७ ऑक्टोबर, सोमवार

बाकीच्या चारही गावांच्या कर्त्यांना भेटून आलो. कुणी मावसभाऊ निघतो, कुणी साडू. चहा सगळीकडे झाला आणि शब्दही सगळीकडे मिळाला. मावळात माणुसकी अजून शिल्लक आहे.

हिला सांगितलं तर म्हणाली, "सुरजला इचारलं का?"

म्हणालो, त्यात विचारायचं काय, त्याच्याच भल्याचं आहे, गावातच राहील. त्यावर ती तोंड मिटून तांदूळ निवडत बसली. दाढ दुखत असेल, काल सुपारी खाल्ली होती.


९ नोव्हेंबर, रविवार

बोली झाली. फत्ते!

मंगल कार्यालयात मांडव, खुर्च्या, व्यासपीठ, सगळा थाट लग्नाचा. ज्याचं नाव पुकारतील त्याने व्यासपीठावर येऊन उभं राहायचं आणि बोली संपेपर्यंत तिथेच थांबायचं. संदेशवर तीन गावं तुटून पडली. अठरा वर्षांचं पोर, चढाईत साप. चोवीसला आपण घेतला. गौरव डाव्या कोपऱ्याचा, पकड अशी की सुटता सुटत नाही. त्याला वीस.

मग सुरजचं नाव. "चढाईपटू, भाजे. मूळ बोली दहा."

मी हात वर केला. दहा.

निवेदक बाहेरगावचा होता, त्याला काही ठाऊक नाही. त्याने मांडवभर पाहिलं. "दहा. पुढे कोण? मंडळी, गेल्या वर्षीचा सर्वांत जास्त गुणांचा चढाईपटू आहे. पुढे कोणी?" एवढी शांतता की पंखे ऐकू येत होते. पाच गावांचे कर्ते पायाकडे बघत बसले होते. दिलेल्या शब्दाचा एवढा मान मी आजवर पाहिला नव्हता. निवेदकाने पुन्हा विचारलं. मागून कुणी पोरगं "जुना मॉडेल" असं म्हणालं आणि दोनचार जण हसले. पोरंच ती. शेवटी दहा एकदा, दहा दोनदा, दहा तीनदा.

सुरज किती नम्र! त्या सगळ्या वेळात त्याने मान वर केली नाही. खाली उतरला आणि जेवायला न थांबता गेला. गाडीचं भाडं होतं म्हणाला.

आपले बारा गडी होऊन दहा गुण शिल्लक. अतुलने माझ्याशी हात मिळवला. "आबा, तुम्ही जादूगार आहात. कसं केलंत?"

मी नुसता हसलो.


१३ नोव्हेंबर, गुरुवार

भात झोडणी चालू आहे, त्यामुळे सराव दुपारनंतर. सुरज आला होता. पोरांना धावायला लावून माझ्याशेजारी येऊन बसला.

"आबा, एक इचारू? माज्या गुडघ्याचं तुमी कुनाला सांगितलं का?"

"गुडघ्याला काय झालंय?"

तो माझ्याकडे बघत राहिला. "न्हाई, काय न्हाई. मला वाटलं बाहेर कळलंय. घरात सारिकाला सोडून कुनालाच म्हाईत नव्हतं. म्हनलं कुनीतरी बोललं असंल, म्हनून…"

"म्हणून काय?"

"काय न्हाई. सोडा."

मी त्याला ठामपणे सांगितलं की माझ्या तोंडातून गुडघ्याचा ग सुद्धा निघालेला नाही, आणि ते खरंच आहे. त्याचं समाधान झालं असावं, कारण पुढे काही बोलला नाही.


३० नोव्हेंबर, रविवार

संदेश दिवसागणिक तयार होतोय. सुरज त्याला शिकवतो, पण स्वतः खेळताना दिसत नाही. आज म्हणालो, दोन चढाया तूही कर की. म्हणाला, "दहा गुणांच्या मानसानं जास्त उड्या मारू ने, आबा." सगळी पोरं हसली. मीही हसलो. त्याला आपली विनोदबुद्धी आहेच.


७ डिसेंबर, रविवार

पहिला सामना हरलो. अतुलच्या आराखड्यात हरणं बसतं, त्यामुळे तो खुशीत होता. मला मात्र सुरजचं काही कळलं नाही. पूर्वी तो बोनस रेषेपलीकडे पाय टाकून, एखाद्याला खिजवून, हसत परत यायचा. आज मध्यरेषेपासून चार पावलं आत गेला, हवेत हात फिरवला आणि माघारी आला. प्रत्येक वेळी तसंच. सुस्तावलेला माणूस दारात उभं राहून शेजाऱ्याला हाक मारतो, तसा.

अतुल म्हणाला, "वय झालं आबा. मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं."

झालं असेल. बत्तीस म्हणजे कबड्डीत म्हातारपणच.


२१ डिसेंबर, रविवार

दुसराही हरलो. संदेशने एकट्याने नऊ गुण आणले. सुरज शेवटची दहा मिनिटं बाहेर बसला, गुडघा धरून. विचारलं तर म्हणाला, "दुखत न्हाई, सवय हाय धरायची."

सामना संपल्यावर सारिका, त्याची बायको, मोटारसायकलजवळ उभी होती. मी म्हणालो, काय गं, नवऱ्याला जरा भाकरी जास्त घाल. ती म्हणाली, "आबा, ते जेवत न्हाईत धड. बोलीच्या दिवसापासनं आरशात बगून दाढी बी करत न्हाईत. म्हनत्यात, गाडी सोडून आता काय यायचं न्हाई मला." आणि तिने पदराने डोळे पुसले. धूळ फार होती मैदानावर.


२८ डिसेंबर, रविवार

अंबाजी व्याही आले होते, नातवाला घेऊन. जेवताना म्हणाले, "पाव्हणं, गावात मला शिव्या बसत्यात तुमच्यापायी. सुरज चाळीसला बी स्वस्त हुता म्हनत्यात. तुमच्या शब्दासाटी मी हात मांडीखाली दाबून बसलो. हाताला मुंग्या आल्या!"

मी मोठ्याने हसलो. ही वाढत होती, तिने पळी भांड्यात ठेवली.

"ह्ये सुरजला ठावं हाय का?"

"काय?"

"की समद्यांनी हात दाबून धरलं हुतं. का त्याला वाटतंय, कुनाला नगोच हुता त्यो?"

अंबाजींचा घास हातातच राहिला. मी ताटाकडे पाहत होतो. एकेक गोष्ट तांदळाच्या ढिगातून खडे निवडावेत तशी वर यायला लागली. गुडघ्याचं कुणी सांगितलं का. दहा गुणांचा माणूस. आरसा. मांडवातली शांतता, आणि ती ऐकत व्यासपीठावर उभा असलेला सुरज. आणि मी त्या शांततेला शब्दाचा मान म्हणून डायरीत लिहून ठेवलं आहे.

मागची पानं आत्ता वाचून काढली. वाचवेनात. लिहिलेलं तसंच ठेवतो.


३० डिसेंबर, मंगळवार

काल दिवसभर काय बोलायचं याची जुळवाजुळव करत होतो. आज सकाळी मैदानावर गेलो. सुरज एकटाच पाणी मारत होता. जुळवलेलं सगळं विसरलो आणि सरळ सांगितलं. बैलबाजाराच्या रितीसकट.

त्याने नळी खाली ठेवली. पाणी एकाच जागी वाहत राहिलं, तिथे चिखल झाला. 

मग म्हणाला, "म्हंजी लोकांला मी पायजे हुतो?"

"सुदुंबऱ्यानं चाळीस बाजूला काढून ठेवले होते."

"चाळीस." त्याने तो आकडा दोनदा म्हटला. मग माझ्याकडे वळला. "आबा, मी बैल हाय का?"

मी वाहती नळी चिखलातून बाजूला सरकवली.

"इचारलं असतं तर दहात खेळलो असतो. फुकट खेळलो असतो. तुमच्या संगं न्हाई खेळलो तर कुनासंगं खेळनार? पन इचारायचं हुतं."

"चुकलं माझं."

"हितं चिखलात हुबं राहून चुकलं म्हनताय. माझं हसं मांडवात झालं." त्याने नळी उचलली. "त्याच मांडवात सांगा. समद्यांम्होरं. आन मग बोली लावा. खरी."

मी विचारलं, दुसऱ्या गावाने नेलं तर?

"नेऊ द्या," म्हणाला, आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पाणी मारायला गेला.


४ जानेवारी, रविवार. नवीन डायरी

मालकांनी नवी डायरी दिली, ही खरखरीत कागदाची. पाच गावं फिरून शब्द परत केले. शब्द मागताना चहा गोड लागला होता, परत करताना सगळीकडे कप अर्धा ठेवून उठलो. बहुतेकांना मी काय म्हणतोय तेच कळेना. साडू म्हणाला, "अरे, आमी तुला मदतच केली की!" त्यालाही पुन्हा पहिल्यापासून समजावलं.

अतुल चिडला. "आबा, हे लीगच्या नियमात बसत नाही. बोलीच्या आधी संगनमत म्हणतात याला. समितीला कळलं तर आपल्याला दंड होईल. आणि तुम्ही माइकवर सांगणार?"

"सांगणार."

"आणि सुरजदादा गेला तर? अकरा तारखेला अदलाबदल आहे, सगळी गावं खेळाडू सोडून त्यांचे गुण मोकळे करतील आणि त्याच्यावर लावतील. आपले शिल्लक दहा आणि त्याचे सुटलेले दहा, एवढंच आहे आपल्याकडे. वीस. त्यासाठी संदेशला सोडायचं म्हणाल तर मी राजीनामा देतो."

संदेशला नाही सोडणार. पोराने काय केलंय? बांध नव्याने घालायचा तो घालायचाच. अतुलला म्हणालो, सुरज जाणार हे धरून चाल.  त्यावर तो लॅपटॉप मिटून म्हणाला, "त्याच्याशिवाय मैदान कसं दिसेल, याचा तक्ता नाही माझ्याकडे."

पोरगं वाटतं तेवढं कोरडं नाही.


११ जानेवारी, रविवार

तेच मंगल कार्यालय, तोच निवेदक. अदलाबदलीचा दिवस असल्याने गर्दी कमी असेल असं वाटलं होतं, पण मांडव भरला होता. बातमी फुटली असणार. बातमीला मावळात पाय नसतात, मोटारसायकल असते.

समितीच्या अध्यक्षांना आधी जाऊन सांगितलं. ते म्हणाले, बोला, दंडाचं नंतर बघू. माइक हातात दिला. मी आयुष्यात माइकवर फक्त दोनदा बोललोय, दोन्ही वेळा हरवलेल्या पोराचं वर्णन सांगायला.

मी म्हणालो, "मंडळी, नऊ नोव्हेंबरला हितं सुरजवर कुनी बोली लावली न्हाई. कारण मी प्रत्येक गावात जाऊन हात जोडलं हुतं, की लावू नगा. त्याला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याची किंमत दहा न्हवती. ती मी पाडली. त्याच्यात त्याचा काही दोष न्हाई, आन तुमचा बी न्हाई. माझा हाय." पुढे एक वाक्य ठरवलं होतं ते आठवलं नाही, म्हणून माइक ठेवून दिला.

मागून कुणीतरी "शेम शेम" ओरडलं. बरोबरच होतं.

मग अंबाजी उभे राहिले. तब्येतीने जड माणूस, उठायला वेळ लागला. "शब्द मागनारा येक असतो, पन देनारं आमी पाच हुतो," म्हणाले. "पाव्हण्यानं एकट्यानं कशाला खायाच्या शिव्या?" आणि बसले. दंडात सगळे वाटेकरी झाले. सहाही संघांना पुढल्या वर्षी पाच गुण कमी, असं समितीने तिथल्या तिथे लिहून घेतलं.

सुरज व्यासपीठावर आला. आज दाढी केलेली होती. निवेदकाने नाव पुकारलं, मूळ बोली दहा, आणि मी हात वर केला.

"दहा!" अजून त्याचं वाक्य पुरं व्हायचं होतं, तोवर साडू बारा म्हणाला. दुसरीकडून पंधरा. अठरा. मी वीस म्हणालो. अंबाजींनी बावीस म्हटलं तसं माझं संपलं. सत्तावीस. तीस. सुरजची मान आता वर होती. ज्या बाजूने आकडा यायचा तिकडे तो बघायचा, जत्रेत पाळण्यात बसलेल्या पोरासारखा. पस्तीस. अडतीस. अंबाजी चाळीस म्हणाले आणि मांडवात टाळी पडली.

"चाळीस एकदा. चाळीस दोनदा…"

मला नंतर सांगितलं म्हणून खरं मानतो, माझा हात वर होता. कधी गेला मला कळलं नाही.

निवेदक म्हणाला, "भाजे? एक्केचाळीस?"

अतुल शेजारून माझा सदरा ओढत होता. "आबा, आपल्याकडे वीसच आहेत! वीस!"

"वीसच हायेत," मी मोठ्याने म्हणालो, पण हात काही खाली येईना. सगळा मांडव हसला. आणि व्यासपीठावर सुरजही हसला, तोंड पुसत हसला, खूप वेळ. निवेदकाने तीनदा म्हटलं. सुरज सुदुंबऱ्याचा झाला.

खाली उतरून तो माझ्यासमोरून गेला, पण थांबला नाही. अंबाजींच्या पाया पडला. ते बरोबरच, आता ते त्याचे कर्ते.

घरी आल्यावर ही म्हणाली, जेवा. आज तिने भाकरी स्वतःहून कुस्करून दिली.


१८ जानेवारी, रविवार

सुरजशिवाय पहिला सामना. जिंकलो. मैदानाच्या आपल्या बाजूला कुणी हसत परत येत नव्हतं, एवढंच.

सारिका बाजारात भेटली. म्हणाली, गुडघ्यावर कामशेतच्या डॉक्टरांचा इलाज चालू केलाय, त्यांनी सुजेवर पट्टा दिलाय, खेळू नका म्हणाले नाहीत. सुदुंबऱ्याच्या सरावाला रोज जातात. "आन आबा, जेवत्यात बी." सुरज मला विचारतो का, हे विचारायचं होतं. विचारलं नाही.


१ फेब्रुवारी, रविवार

आज सुदुंबरे विरुद्ध भाजे, आपल्याच मैदानावर. ही सामने बघायला कधी येत नाही, पण आज आली आणि सरळ जाऊन सुदुंबऱ्याच्या बाजूला सारिकाशेजारी बसली. पोरं म्हणाली, "आबा, मावशी फुटली!"

सुरज पहिल्याच चढाईला बोनस रेषेपलीकडे गेला. गुडघ्यावर पट्टा, पण पाय तोच. गौरवच्या खांद्याला हात लावला, त्याला कळायच्या आत मध्यरेषेवर, आणि तिथून मागे वळून हसला. मी टाळी वाजवली. अतुलने माझ्याकडे असं पाहिलं की उरलेली टाळी खिशात घातली.

मध्यंतराला आपण दोन गुणांनी पुढे होतो. संदेश उत्तम खेळत होता. पोरांना पाणी देत होतो, तेवढ्यात मागे कुणीतरी उभं राहिलं. सुरज. तीस डिसेंबरनंतर पहिल्यांदा जवळ आला. माझ्याकडे न बघता, पट्टा घट्ट करत, हळू आवाजात बोलला.

"त्या संदेशला सांगा, परतताना उजवा पाय लय लांब टाकतोय. मला दिसलंय. आता मी त्योच पाय धरनार."

"तू समोरच्या संघाचा. मला कशाला सांगतोस?"

"पोरगं चांगलं हाय. आन…" पट्टा पुन्हा सोडला, पुन्हा बांधला. "तुमी बी तळाला बसून कटाळला असाल. बगा, सांगायचं तर सांगा." आणि गेला.

संदेश चार हातांवर बसला होता. एक वाक्य बोललो असतो तर सामना आपला होता. आणि सुरजनेच दिलेलं, प्रेमाने दिलेलं. घ्यायला काय हरकत? पण त्याच्या कर्त्याला, अंबाजींना, त्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याच्या सहा गड्यांना ठाऊक नव्हतं. आणि आपण असंच एकदा कुणाला न विचारता, सगळ्यांच्या भल्याचं म्हणून काहीतरी करून बसलो आहोत. मी संदेशला पाणी दिलं आणि म्हणालो, "खेळ बाबा, छान खेळतोयस."

शेवटच्या मिनिटाला बरोबरी होती. संदेश चढाईला गेला, एकाला हात लावला, परत फिरला आणि उजवा पाय लांब टाकला. सुरज मुंगसासारखा घुसला आणि घोट्याला धरलं. बाकीचे सहा वरून पडले. आपण एका गुणाने हरलो.

सुदुंबऱ्याच्या पोरांनी सुरजला खांद्यावर घेतलं. तो त्यांच्या डोक्यांवरून मैदानात कुणाला तरी शोधत होता. मग खाली उतरला आणि सरळ माझ्याकडे आला.

"सांगितलं न्हाई ना?"

"न्हाई."

"मला वाटलंच." घामाने भिजलेलाच वाकला, पाया पडला आणि उठताना माझ्याच खांद्याचा आधार घेतला, गुडघ्यासाठी. "आबा, लय वंगाळ व्यवस्थापक हाव तुमी."

"म्हणूनच तळाला आहोत."

"उंद्या सुट्टी हाय माझी. पेज करायला सांगा मावशीला." आणि संदेशकडे बघून ओरडला, "ये चोवीस! रडतोस काय? चाळीसवाल्यानं धरलंय तुला!"

उद्या सकाळी सरावाला आधी संदेशचा उजवा पाय बघायचा. ते सुरजच दाखवेल, पेज पिऊन झाल्यावर. लीगचा सामना संपलाय, आता कुणाला विचारायला नको. तरी सकाळी उठल्यावर अंबाजींना एक फोन करून ठेवेन.